जुन्या आर्केड मॉनिटरचा पॉवर फॉल्ट: ९ महिने वापरून आलेला अनुभव

मागच्या दिवाळीनंतर नाशिकरोडच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधून जुनं आर्केड मशीन उचललं, आत १९ इंची अमेरिकन मॉनिटर, पिक्चर ट्यूबवाला. आता ९ महिने होत आले. संध्याकाळी तास-दोन तास चालतं, रविवारी पुतणे आले की दिवसभर. एवढ्या दिवसांत ट्यूबला हात लावायची वेळ आली नाही, सगळी मारामारी पॉवरशी झाली, आणि असं मशीन घ्यायला जाणारे बघतात फक्त पिक्चर किती ब्राइट आहे ते. म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. हा मॉनिटर १२० व्होल्टचा आणि चेसिस हॉट, म्हणजे एसी सरळ डायोड ब्रिजवर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) जातो. त्यामुळे मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच, म्हणजे मॉनिटरला घरच्या लाइनपासून वेगळा ठेवणारा. ऑटो ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज कमी करतो पण लाइनपासून वेगळं करत नाही) लावून भागत नाही, कारण मॉनिटरची ग्राउंड गेम बोर्डाच्या ग्राउंडला व्हिडिओच्या वायरीतून जोडलेली असते. मी सातपूरला एका वाइंडिंगवाल्या काकांकडून २३० ला १२०, २०० व्हीए (क्षमता, साधारण वॅटसारखीच) असा बांधून घेतला. खर्च झाला पण तो टाळता येत नाही.

पहिल्या दिवशी लावलं तर गेमचा आवाज येतोय, स्क्रीन काळी. गेम बोर्डाचे ५ आणि १२ व्होल्ट वेगळ्या सप्लायमधून येतात, त्यामुळे आवाज आहे म्हणजे तो भाग ठीक. मॉनिटरचा फ्यूज उडालेला होता, नवा टाकला, तोही उडाला, तिसरा टाकणार होतो तेवढ्यात पंचवटीतले एक टीव्ही मेकॅनिक काका म्हणाले, "अरे थांब, किती फ्यूज जाळशील, सिरीज बल्ब लाव आधी." १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूला, सिरीजमध्ये. हा बल्ब आता शोधावा लागतो, मला रविवार कारंजाच्या एका जुन्या दुकानात मिळाला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर मोठा कॅपेसिटर चार्ज झाला, पुढे जायला हरकत नाही. पूर्ण उजेडात पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट. डीगॉसिंग कॉइलचा (चालू करताना ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी कॉइल) प्लग आधी काढा, नाहीतर ती सुरुवातीला करंट खेचते आणि बल्ब खोटं सांगतो, शिवाय पॉझिस्टर (त्या कॉइलचा करंट नंतर कमी करणारा पार्ट) शॉर्ट असेल तर तो तिथल्या तिथे कळतो.

माझा बल्ब प्लग काढल्यावरही पूर्ण पेटलेला. डायोड चांगले निघाले, लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर (पिक्चरच्या आडव्या रेषा आणि ट्यूबचं हाय व्होल्टेज चालवणारा) मात्र कलेक्टर ते एमिटर सरळ शून्य, म्हणजे शॉर्ट. पार्ट नाशकात मिळेना, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून २एसडी१३९८ आणला, दोन आणले ते बरं झालं. बसवला, पिक्चर आलं, सगळे खूश. सोळा दिवसांनी पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा तोच ट्रान्झिस्टर गेलेला.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते इथे आहे, ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा दोष बहुतेक त्याचा नसतोच. बोर्ड उलटा करून भिंगाखाली बघितलं तर हॉरिझॉन्टल ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरच्या (त्या ट्रान्झिस्टरला सिग्नल देणारा) दोन पायांभोवती केसासारखी गोल चीर, ड्राय सोल्डर, म्हणजे पकड सुटलेलं. ड्राइव्ह नीट मिळाला नाही की ट्रान्झिस्टर पूर्ण ऑनही होत नाही आणि वेळेवर ऑफही होत नाही, गरम होत होत शॉर्ट होतो. ते जॉइंट, फ्लायबॅकचे (ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) पाय, योकचं (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) कनेक्टर सगळं जुनं सोल्डर ओढून परत केलं, आणि त्या भागातले गरम जागी बसलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटर सगळे बदलले. दुसरा ट्रान्झिस्टर अजून चालू आहे.

त्या वेळी एक चूकही झाली. आउटपुट ट्रान्झिस्टर काढून बी प्लस (मॉनिटरचा मुख्य डीसी सप्लाय) मोजला तर मीटरवर १३० च्या जागी १६५. मी रेग्युलेटर (बी प्लस १३० वर धरून ठेवणारा पार्ट) गेला समजून एसटीआर ३०१३० नवा मागवला, तोही तेवढंच दाखवतोय. नंतर कळलं की रेग्युलेटरला समांतर एक मोठा वायरवाउंड रेझिस्टर असतो, लोड नसताना त्यातून व्होल्टेज वर चढतंच. त्याच १०० वॅटच्या बल्बचा बी प्लस आणि ग्राउंडमध्ये डमी लोड (ट्रान्झिस्टरच्या जागी करंट घेणारा) लावला आणि १३० वर येऊन थांबलं. लोडशिवाय मोजू नका.

मग जुलै. पाऊस सुरू झाला, रात्री वीस-पंचवीस मिनिटांनी मॉनिटर आपोआप बंद, थोड्या वेळाने परत चालू, दिवसा मात्र काहीच नाही. चार रात्री बोर्डावर शोधलं. शेवटी भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर लावला तर आमच्या इंदिरानगरला रात्री ११ नंतर २५०. म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून १२० ऐवजी १३०, आणि ब्रिजनंतर कागदावर १७० ऐवजी १८४. रेग्युलेटर आणि त्या रेझिस्टरला मिळून आधी ४० व्होल्ट खायचे होते ते आता ५४, उष्णता ३५ टक्के जास्त. त्यात रेग्युलेटरच्या हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा) पेस्ट वाळून खडू झालेली. पेस्ट नवीन लावली आणि ट्रान्सफॉर्मर परत काकांकडे नेऊन प्रायमरीला २५० चा टॅप (लाइन जास्त असताना जोडायची वेगळी वायर) काढून घेतला. आपल्याकडे बांधून घेणार असाल तर हा टॅप पहिल्याच दिवशी मागा.

आणि हात घालण्याआधी प्लग काढा, मोठा कॅपेसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करून मीटरने खात्री करा, ट्यूबच्या अॅनोडवर (रबरी टोपीखालचं टोक) २० हजार व्होल्टच्या वर असतात, ते डिस्चार्ज करताना वायर ट्यूबवरच्या उघड्या जाळीच्या ग्राउंडलाच लावायची, बोर्डाच्या ग्राउंडला नाही. घरात दुसरं कोणीतरी असताना करा.

फ्लायबॅक अजून मूळचाच आहे, त्याला चीर नाही, पण स्पेअर शोधतोय. काल रात्री सलग तीन तास चालवलं, लाइन २४८ होती, बी प्लस सुरुवातीपासून शेवटपर्यंत १३०. प्लग काढून, डिस्चार्ज करून हीटसिंकवर बोट ठेवलं, ठेवता आलं.