लाकडी मांडवाचे खांब: गाडायचे, गोल पिअरवर की फुटिंगवर?

अंगणात चारी बाजूंनी मोकळा लाकडी मांडव घालायचा म्हटलं की मिस्त्री म्हणतो, वजन कितीसं, दीड फुटाचा खड्डा बास. अहो, वजन कमी हीच तर भीती! भिंती नाहीत, वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात रायगडात किती पत्रे उडाले ते आठवा.

मुंबईसाठी आयएस 875 या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे चौरस मीटरला साधारण 118 किलोचा दाब. 12 बाय 12 फुटी छपराला चार खांब असतील तर ढोबळमानाने खांबामागे 400 किलोची ओढ, छपराचं वजन वजा न करता. उताराप्रमाणे आकडा कमीजास्त होतो.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडला तर स्वस्त पडतं आणि मांडव हलतही नाही, हा त्याचा खरा फायदा. पण लाकूड आणि काँक्रीटच्या फटीत पाणी मुरतं, वाळवी लागते आणि खांब नेमका जमिनीलगत कुजतो, सागवान असलं तरी मी गाडणार नाही.

गोल पिअर म्हणजे जमिनीत ओतलेला काँक्रीटचा दंडगोल. एक फूट व्यासाचा, तीन फूट खोल घेतला तर वजन भरतं जेमतेम 150 किलो. बाकी सगळी भिस्त मातीच्या पकडीवर. कडक मुरुमात चालेल, पण काळ्या मातीत नको, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि एवढासा पिअर वर ढकलते. तिथे मुरूम लागेपर्यंत खणा नाहीतर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली बल्बसारखा फुगवलेला खोल काँक्रीटचा खांब घ्या, तो साडेतीन मीटरपर्यंत जातो, खर्चिक आहे.

माझं मत फुटिंगला, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी ओतलेल्या रुंद काँक्रीटच्या पायाला. अडीच फुटी चौरस, एक फूट जाड, चार फूट खोल, वर पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचा आखूड खांब. वरची माती नीट धुम्मस केली की तिचंही वजन कामी येतं, सगळं मिळून हजार किलोच्या वर जातं. पेडेस्टलच्या सळया खालच्या जाळीत अडकवा, आणि डोकं जमिनीपासून सहा इंच वर ठेवून त्यावर लाकडी खांब बसवायला गॅल्व्हनाइज्ड बेस प्लेट. फक्त प्लेटवरचा खांब बिजागरीसारखा डुलतो, म्हणून खांब आणि तुळईमध्ये दोन्ही दिशांना तिरपे आधार लागतातच, सुताराला आधीच सांगा. आणि प्लेटचे बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये हाताने खोचू नका, प्लायला भोकं पाडून साचा करा, नाहीतर प्लेट बसतच नाही आणि मग बोल्ट वाकवत बसतात.