अडीच इंची की तीन इंची? टर्बो गाडीचा एक्झॉस्ट पाइप

व्यासातला फरक अर्ध्या इंचाचा, पण धूर जायची वाट जवळपास 44 टक्क्यांनी रुंदावते. टर्बोमधलं टर्बाइन (धुराच्या जोरावर फिरणारं चक्र) फिरतं ते दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर, म्हणून त्याच्यानंतरच्या पाइपात दाब जितका कमी तितकं चांगलं. ‘थोडा बॅकप्रेशर हवाच’, म्हणजे पाइपाने धुराला थोडं अडवावंच, हा गॅरेजमधला सल्ला टर्बोला मला अजिबात पटत नाही. तरीही 180 पीएसची (मेट्रिक अश्वशक्ती) ऑक्टाविया 1.8 टीएसआय नुसती रीमॅप करून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) रोज ऑफिसला न्यायची असेल, तर अडीच इंची पुरतो: केबिनमध्ये घुमणारा आवाज कमी, स्पीडब्रेकरवर घासायची धास्तीही कमी. मोठा टर्बो बसवून 300 अश्वशक्तीच्या बऱ्याच पुढे जायचंय? मग तीन इंचीच घ्या, आणि सुरुवात डाउनपाइपपासून, म्हणजे टर्बोला लागून असलेल्या पहिल्या पाइपपासून करा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र काढू नका.