एसपी१८४८ थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल: तक्त्यातल्या गुणाकाराला चारने भागा

४० मिमी चौकोनी, जेमतेम साडेतीन मिमी जाड, दोन वायरींची पांढरी सिरॅमिक वडी. एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची, की वीज मिळते. वस्तू चांगली आहे. फसवतो तो विक्रीच्या पानावरचा तक्ता.

१०० अंश फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिअँपिअर, असं त्यात असतं. लोक गुणाकार करून ३.२ वॉट धरतात. पण व्होल्टेज मोजलेलं असतं काहीच न जोडता, आणि करंट दोन्ही वायरी शॉर्ट करून. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. लोड, म्हणजे जोडलेल्या उपकरणाचा रोध, मॉड्यूलच्या आतल्या रोधाइतका, म्हणजे ५ ते ७ ओहम ठेवला तर जास्तीत जास्त पॉवर मिळते, आणि ती गुणाकाराचा चौथा हिस्सा: ०.८ वॉट. २० अंश फरकाला तर ५५ मिलिवॉटच. मोबाइल चार्ज करायला घेत असाल तर घेऊ नका.

खरी कसोटी गार बाजूची. गरम पातेल्यावर ठेवून मल्टिमीटर लावला की आकडा झरझर चढतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत उतरायला लागतो. मॉड्यूल बिघडलेलं नसतं, गार बाजूचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पंखेदार ठोकळा, तापलेला असतो. त्याचे पंख थंड पाण्यात बुडवा, आकडा परत चढतो. दुसरं मॉड्यूल घेण्याआधी ते पैसे मोठ्या हीटसिंकवर घाला.

थर्मल पेस्ट दोन्ही बाजूंना अगदी पातळ फासा; जाड थर उष्णता अडवतो. स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, एकीकडेच दाब पडला तर सिरॅमिकला तडा जातो. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर हवेतच, नाहीतर लोखंडातूनच उष्णता गार बाजूला पोचते. गॅसच्या ज्योतीवर थेट ठेवू नका: १५० अंशांपुढे आतले सोल्डरचे सांधे सुटतात. वाफेजवळ वापरणार असाल तर कडा सिलिकॉनने बंद करा.

एलईडीसाठी जूल थीफ, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारा छोटा सर्किट, पुरतो: फेराइट रिंगवर जोडीने २० वेढे, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर. मात्र सुरू व्हायला त्याला ०.७ व्होल्टच्या आसपास लागतात. तळहाताच्या उबेवर सेन्सर चालवायचा असेल तर अगदी कमी व्होल्टेज वाढवून देणाऱ्या एलटीसी३१०८ चिपचा बोर्ड घ्या. १:१०० ट्रान्सफॉर्मर असेल तर तो २० मिलिव्होल्टवरही सुरू होतो.

वायरींचे प्लस-मायनस उलटे आले तर घाबरू नका, गरम बाजू बदलली की तेही बदलतात.