लॉकडेप: न घडलेला डेडलॉक पकडणारं साधन

लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने लॉकडेप चालू ठेवूनच काम करावं, असं माझं ठाम मत आहे. एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारी कडी म्हणजे लॉक; दोघं एकमेकांनी धरलेल्या लॉकसाठी कायमचे थांबून राहिले की तो डेडलॉक. इंगो मोल्नार यांचं हे साधन २००६ साली, २.६.१८ आवृत्तीत कर्नलमध्ये आलं. कॉन्फिगमध्ये ‘प्रूव्ह लॉकिंग’ चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड करायचा, एवढंच.

अभ्यासक्रमातला बँकर्स अल्गोरिदम (डेडलॉक होऊ शकेल अशी मागणी आधीच थांबवणारी पद्धत) इथे कामाचा नाही, कारण कोणाला जास्तीत जास्त काय लागेल हे कर्नलला आधी माहीत नसतं. लॉक ठरल्या क्रमाने घेणं हाच मुख्य उपाय. तो क्रम कुठे मोडतोय, हे लॉकडेप सांगतं, तेही मशीन अडकायच्या आधी.

आमच्याकडच्या एका यूएसबी ड्रायव्हरचं घ्या. आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) आलं की तो आधी डिव्हाइसचा म्युटेक्स (एक प्रकारचं लॉक) घेतो, मग यादीचा. केबल काढली की नेमकं उलट. दोन्ही एकाच क्षणी घडलं तरच सगळं ठप्प होणार, त्यामुळे टेस्टिंगमध्ये कधी काही दिसलंच नव्हतं. लॉकडेप लावून आधी आयऑक्टल चालवलं, मग निवांत केबल काढली, आणि डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) इशारा हजर! कुठलं लॉक हातात असताना कुठलं घेतलं याची ते नोंद ठेवतं, आणि त्यात चक्र दिसलं की लगेच ओरडतं.

रिपोर्ट लांबलचक असतो. वरून वाचू नका. खाली सीपीयू ० आणि सीपीयू १ असे दोन रकाने असतात, तिथे कोण कोणासाठी थांबेल ते चार ओळींत कळतं. स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठलं बोलावलं गेलं याची यादी) नंतर बघा.

उणिवा आहेत. मशीन चांगलंच मंदावतं. पहिला इशारा दिला की रीबूटपर्यंत ते गप्प बसतं, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रायव्हरची चूक आधी सापडली तर तुमची झाकलेलीच राहते. हे मला फार खटकतं. एकाच जातीची दोन लॉक, समजा पालक आणि मूल नोडची, पाठोपाठ घेतली तर खोटा इशाराही येतो. त्यासाठी ‘म्युटेक्स लॉक नेस्टेड’ हे फंक्शन आहे, पण क्रम खरोखर पक्का आहे हे तपासल्याशिवाय ते वापरून लॉकडेपचं तोंड बंद करू नये.

आणि जो कोड चाललाच नाही, तो त्याला दिसत नाही. तेव्हा एरर पाथ (चूक झाली तरच चालणारा कोड), सस्पेंड-रिझ्यूम, मॉड्यूल काढणं हे सगळं मुद्दाम चालवून घ्या.