एमडी-पीएचडीचा अर्ज: थेट, एक वर्ष थांबून की दोन?

अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आणि एमडी-पीएचडीच (तिथली डॉक्टरकीची पदवी एमडी आणि संशोधनाची पीएचडी, दोन्ही एकत्र) करायचं असं ठरवलेल्या मुलांपुढे वाटा तीन असतात. तिसरं वर्ष संपता संपता अर्ज टाकून पदवीनंतर थेट रुजू व्हायचं, एक वर्ष थांबायचं, किंवा दोन वर्षं लॅबमध्ये पूर्णवेळ काम करून मग जायचं. घरच्यांना पहिली वाट हवी असते, लॅबमधले सीनियर तिसरी सुचवतात आणि मधलीचा विचार फारसा कुणी करत नाही. माझ्या मते बहुतेकांना सोयीची तीच आहे.

कारण सगळं कॅलेंडरात आहे. एएमकॅसचा, म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या सामाईक प्रवेशयंत्रणेचा, अर्ज मे महिन्यात उघडतो, जूनच्या सुमारास पाठवायचा असतो, आणि प्रवेश मिळाला तर वर्ग भरतात ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. समजा, मुलीची पदवी मे २०२७ मध्ये होणार आहे. थेट जायचं तर तिचा अर्ज जून २०२६ मध्ये जातो. चौथ्या वर्षाचा प्रबंध, म्हणजे बऱ्याच मुलांनी स्वतःच्या हिमतीवर केलेलं पहिलं काम, त्यात येऊच शकत नाही. एक वर्ष थांबली तर अर्ज जून २०२७ चा, आणि ते अख्खं वर्ष त्यात बसतं. दोन वर्षं थांबली तर जून २०२८. पण त्या दोनांपैकी अर्जात मोजलं जातं ते पहिलंच वर्ष. दुसरं कॉलेजांचे पुरवणी अर्ज आणि मुलाखतींच्या प्रवासात जातं. नवं काही हाती आलं तर मुलाखतीत सांगता येतं, एवढंच. "दोन वर्षं लॅब" म्हणताना हा हिशेब कुणी करत नाही.

संशोधनाला इतकं वजन का, ते अर्ज पाहिला की कळतं. नुसत्या एमडीसाठी ५,३०० अक्षरांचा एक वैयक्तिक निबंध असतो. एमडी-पीएचडीला त्याशिवाय आणखी दोन: दोन्ही पदव्या कशाला हव्यात यावर ३,००० अक्षरं आणि केलेल्या संशोधनावर १०,००० अक्षरं. या शेवटच्या निबंधात पोकळ काम लपत नाही. मुलाखतीत प्राध्यापक विचारतात, हा कंट्रोल (तुलनेसाठीचा गट) का घेतलास, निकाल उलटा आला असता तर पुढे काय केलं असतंस? तीन लॅबमध्ये एकेक उन्हाळा घालवलेल्या मुलाची इथे गाळण उडते. एकाच प्रश्नामागे दोन वर्षं लागलेला मुलगा, नावावर एकही पेपर नसला तरी, तासभर बोलतो. पेपर असणं चांगलंच, पण पेपरात सहावं नाव असून प्रयोगामागचं कारण सांगता न येणं जास्त महागात पडतं.

म्हणून थेट अर्ज कुणी करावा? जो पहिल्या वर्षापासून एकाच लॅबमध्ये आहे, ज्याचा स्वतःचा प्रकल्प तिसऱ्या वर्षीच उभा आहे आणि ज्याची मेडिकलची प्रवेश परीक्षा, म्हणजे एमकॅट, त्या वसंतापर्यंत नीट झाली आहे. अशी मुलं असतात, त्यांनी उगाच थांबू नये. प्रवेश मिळवणाऱ्यांचा सरासरी एमकॅट ५२८ पैकी ५१६ च्या आसपास असतो, कॉलेजमधल्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, चारपैकी ३.८ च्या. पण एवढे गुण असलेली मुलं भरपूर असतात. त्या जोरावर अर्ज वाचला जातो, निवड पुढच्या गोष्टींवर होते.

दोन वर्षांची वाट खरी कामाची आहे ती उशिरा वळलेल्यांना: कॉलेज छोटं, लॅब नव्हतीच, किंवा संशोधनाची गोडी तिसऱ्या वर्षी लागली. त्यांनी दोन धोके लक्षात ठेवावेत. एक, एमकॅटचे गुण बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षंच ग्राह्य धरतात. तिसऱ्या वर्षी घाईने दिलेली परीक्षा पुन्हा द्यावी लागू शकते. दुसरा, पोस्टबॅकच्या (पदवीनंतर लॅबमध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्याच्या) नावाखाली काही लॅब नुसते उंदीर सांभाळायला माणूस शोधत असतात.

"वय वाढतंय" या काळजीबद्दल. हा कार्यक्रमच साधारण आठ वर्षांचा. आधी एमडीची सुरुवात, मध्ये पीएचडी, मग पुन्हा वॉर्ड. त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. इतक्या लांबच्या प्रवासात सुरुवातीच्या एका वर्षावरून घरात वाद घालणं मला पटत नाही. पैशाचं गणितही वेगळं आहे: एनआयएच, म्हणजे अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था, १९६४ पासून एमएसटीपी या नावाने ज्या एमडी-पीएचडी कार्यक्रमांना अनुदान देते, तिथे फी माफ असते आणि वर भत्ता मिळतो. पण फी वाचते म्हणून हा मार्ग धरू नका. एमडी होऊन लवकर कमाईला लागलेला डॉक्टर ती रक्कम केव्हाच भरून काढतो.

आपल्या घरांमध्ये आणखी एक गोष्ट असते आणि ती सगळ्यात आधी तपासावी. एनआयएचचं हे प्रशिक्षण अनुदान फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. तिथे जन्मलेल्या मुलाला प्रश्न नाही. पण लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेली, एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेली मुलगी त्यात बसत नाही, मग शाळा-कॉलेज सगळं न्यू जर्सीत झालेलं का असेना. काही मोजक्या संस्था स्वतःच्या पैशातून अशा विद्यार्थ्यांना घेतात. त्यांची यादी करून प्रत्येकीला आधी ईमेल टाकावा. अशा मुलांसाठी एक वर्ष की दोन, हे रांग कुठवर आली आहे यावरही ठरतं, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो हेही त्यात धरावं लागतं.

थांबायचं ठरलंच, तर लॅब निवडताना प्रकल्पाचं नाव ऐकून भुलू नका. तिथून आधी गेलेले पोस्टबॅक आज कुठे आहेत आणि शिफारसपत्र पीआय (लॅबचे प्रमुख) स्वतः लिहितात की पोस्टडॉक (पीएचडी झालेला तिथला संशोधक) लिहून देतो, हे तिथल्याच एखाद्याला बाजूला घेऊन विचारा.