सातारा की सांगली? खिसा बेताचा असेल तर

बदलीच्या अर्जात पहिली पसंती सातारा टाकू की सांगली, असं विचारणारे दरवर्षी दोन-चार जण भेटतात. मी सांगलीत चार वर्षं काढली आणि साताऱ्यात सहा, दोन्हीकडे एका खोलीत. घरी पैसे पाठवून, खानावळीचं बिल देऊन हातात जे उरेल त्यात भागवायचं. त्यामुळे प्लॉटचे भाव किंवा शाळा मला विचारू नका. संध्याकाळी सहा ते नऊ आणि रविवार, एवढ्यात खिशाला चाट न लावता माणूस कुठं रमतो, ते सांगतो.

भाडं आणि खानावळ यांत मला सांगण्यासारखा फरक जाणवला नाही. फरक आहे तो जमिनीचा. सांगली सपाट, सातारा चढाचा. बाकी सगळं तिथूनच सुरू होतं.

सांगलीत मी अठराशेला एक जुनी सायकल घेतली होती. घंटी नव्हती, स्टँड वाकडा. पण विश्रामबागेतून गणपती मंदिर, तिथून कृष्णेचा घाट, मग आयर्विन पूल, एवढं फिरून आलो तरी धाप लागायची नाही. सगळ्यात लाडकी वाट हरिपूरची. दुतर्फा चिंचेची जुनी झाडं, आणि शेवटी संगमेश्वराचं देऊळ. पायऱ्यांवर बसलं की वारणा कृष्णेला मिळताना दिसते. येताना कागदात बांधलेलं भडंग घ्यायचं आणि खोलीवर त्यात कांदा चिरून लिंबू पिळायचं. पुडी हँडलला लावून आणली की दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातानाही हाताला लसणाचा वास. संध्याकाळ वीस रुपयांत पार पडायची.

तीच सायकल साताऱ्याला नेली आणि फसलो. समर्थ मंदिराच्या चढाला ती हातात धरून चाललो, आणि उतरताना मागचा ब्रेक गेला. चप्पल घासत कसाबसा थांबलो. महिन्याभरात विकून टाकली, बाराशेला. चपलेचे पैसे वेगळे.

साताऱ्यात मौज पायांनीच करायची. पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांची तिथं एक जमातच आहे. निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची पोरं, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजी. आठ दिवस लागोपाठ दिसलात की नावानं हाक येते, आणि न दिसलात तर दुसऱ्या दिवशी जाब विचारला जातो. मी नवा असताना माझी अर्धी ओळखपाळख त्याच रस्त्यावर झाली. गडावर मंगळाईचं देऊळ आहे, आणि कड्यावर उभं राहिलं की पुरं गाव पायाशी. तेवढं चढायचं नसेल तर अलीकडे 'चार भिंती' नावाची जागा आहेच. संध्याकाळी राजपथानं मोती चौकातून राजवाड्यापर्यंत जायचं, गोल बागेत बसायचं, खालच्या रस्त्यानं परत यायचं. पैसे लागले तर कंदी पेढ्याला, आणि तो पावशेर घेण्याची गरज नाही, एक मागितला तरी देतात.

पण साताऱ्यात एक छुपा खर्च आहे. कास, ठोसेघर, महाबळेश्वर सगळं जवळ, म्हणजे रविवारी कुणीतरी गाडी काढतोच आणि पेट्रोलची वर्गणी निघते. शिवाय कासचं पठार फुललं की पुण्यातल्या ज्या मावसभावानं वर्षभर फोन केला नाही, तो सप्टेंबरात सहकुटुंब दारात. माझं महिन्याचं गणित कोलमडलं ते नेहमी पाहुण्यांमुळे, स्वतःच्या चैनीमुळे कधीच नाही.

सांगलीत रविवार शहरातच जातो, आणि तिथं कान तृप्त होतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक याच गावात उभं केलं, आणि नाटकाचा तो नाद अजून आहे. मागच्या रांगेचं तिकीट काढा, संवाद नीट ऐकू येतात. मिरज तर शेजारीच. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा तासताना कारागिराजवळ उभं राहिलं तर कुणी हटकत नाही. आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्याला तिकीट नाही. मी बसकर घेऊन पहाटेपर्यंत बसलो आहे.

तेव्हा माझं मत विचाराल तर एकट्यानं राहणारा, गाण्या-नाटकाची आवड असलेला माणूस सांगलीत कमी पैशांत जास्त जगतो. ज्याला गर्दी नको, पहाटे उठायचा कंटाळा नाही, त्यानं सातारा टाकावा. उन्हाळा सोसत नसेल तरीही साताराच. एप्रिल-मेमध्ये सांगलीची खोली रात्री दहालाही तापलेली असते, पंखा नुसता गरम हवा फिरवतो, आणि कूलर घ्यायचा म्हटलं की वाचवलेलं सगळं एका फटक्यात गेलं.

सांगलीच ठरली तर एक काळजी घ्या. नदीकडच्या बाजूला खोली स्वस्त मिळाली तर लगेच डिपॉझिट देऊ नका. तिथं पावसाळ्यात माणसं एकमेकांना पाऊस किती पडला असं विचारत नाहीत, "आयर्विनला पाणी किती?" असं विचारतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी; २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. घरमालक सांगेल, "आमच्याकडे कधीच आलं नाही." शेजारच्या किराणावाल्याला विचारा. तो हात कमरेला लावून दाखवतो की छातीला, ते बघा, आणि मग वरच्या मजल्याचं भाडं विचारा.