दादरमधील निसर्गकविता वाचनवर्ग: एक अभिप्राय

दादर पश्चिमेला एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी सायंकाळी निसर्गकवितेचा वाचनवर्ग भरतो. निसर्गाचे वर्णन वाचताना वाचकाच्या मनात भावना नेमकी कशामुळे जागी होते, हा प्रश्न तेथे फार गांभीर्याने घेतला जातो, आणि म्हणूनच या वर्गाची मी मनापासून शिफारस करतो.

सर्वांत समाधान देणारी बैठक बालकवींच्या ‘औदुंबर’वर झाली. आठ ओळींच्या कवितेला दोन तास दिले गेले आणि ते योग्यच होते. १९१८ मध्ये, वयाची २८ वर्षेही पूर्ण होण्याआधी कवी गेला, ही माहिती मार्गदर्शक बाईंनी मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवली. त्याआधी कविता प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेतली आणि तिच्यात नजर कशी फिरते एवढेच पाहायला लावले. दोन्ही तटांवरची हिरवळ, टेकडीकडचे चार घरांचे गाव, शेतमळ्यांची दाटी, त्यांतून निघालेली पांढरी पायवाट आणि ती जिथे उतरते तो काळा डोह, या क्रमाने हिरवा रंग मागे पडत जातो. दुःखाचा उच्चारही न होता, पाण्यात पाय टाकून बसलेले झाड दिसेपर्यंत वाचकाचे मन गंभीर झालेले असते. मात्र त्या डोहावरचा काळिमा कवीने ‘गोड’ म्हटला आहे, त्यामुळे या उदासीत एक प्रकारची विश्रांतीही आहे, हे बाईंचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटले.

मर्ढेकरांची मुंबई बंदरावरील माघातली प्रभात वाचताना, न्हालेल्या गर्भवतीच्या प्रतिमेतून शहराच्या सकाळीला लाभणारी शांत परिपूर्णता सर्वांनाच जाणवली. त्या वेळी पडद्यावर समुद्राची छायाचित्रे दाखवली गेली, ती मात्र नको होती. तयार चित्र समोर आले की शब्दांतून आपले चित्र उभे करण्याचे वाचकाचे काम थांबते.

शुल्क माफक आहे आणि टिपणे सुवाच्य आहेत. पंख्यांच्या आवाजामुळे मागे नीट ऐकू येत नाही, तेव्हा पुढे बसावे.

खरी उणीव बहिणाबाई चौधरींची आहे. बालकवींप्रमाणे त्याही खानदेशच्या. पण त्यांच्या कवितेतला निसर्ग शेतात राबणाऱ्या बाईने पाहिलेला आहे, आणि सुगरणीच्या खोप्यातही त्यांना आधी तिचे कष्ट व पिलांची काळजी दिसते. पुढील सत्रात त्यांच्यासाठी एक पूर्ण बैठक ठेवावी, अशी आयोजकांना विनंती आहे.